गचका नेमका येतो कुठून?

(भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न.)

विषय वाचून काहींना वाटलं असेल, की हे टीव्हीच्या दुकानातल्या पोराला विचारायचं, त्यासाठी व्याख्यान कशाला? म्हणून आधी एक किस्सा सांगतो.

मध्यंतरी ओळखीतले एक गृहस्थ पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले. त्यात त्यांच्या लग्नाचा व्हिडिओ होता, १९९१ सालचा. मूळ व्हीएचएस कॅसेट, ती एका दुकानातून 'डिजिटल' करून आणलेली. तक्रार काय? "रंग ठीक आहेत, आवाजही ठीक आहे, पण माणसं गचके खात चालतात. आई औक्षण करतेय तिथे तिचा हात टप्प्याटप्प्यानं फिरतो. जुन्या टीव्हीवर असं नव्हतं हो दिसत." घरचे म्हणाले, तुम्हाला आठवणीतलं सगळंच गोड वाटतं. दुकानदार म्हणाला, कॅसेटच जुनी, मी काय करू?

दोघंही चूक होते. गृहस्थांची आठवण अगदी बरोबर होती. कॅसेटमध्ये तो हात खरोखरच सलग फिरत होता, आणि डिजिटल करताना त्यातली अर्धी हालचाल टाकून दिली गेली होती. आई आता हयात नाहीत. आणि कॅसेट दुकानातच राहिली होती, कारण "आता पेन ड्राइव्ह आहे ना, ती कशाला हवी?" त्या कॅसेटचं काय झालं ते पुढे सांगतो.

या प्रकाराला इंग्रजीत जडर म्हणतात. मी आज गचकाच म्हणणार आहे. एसटीतून प्रवास केलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. नेट अडकलं, चित्र थांबलं, मधोमध चकती फिरायला लागली, हा गचका नव्हे. तंबू थिएटरात फिल्मच्या कडेची भोकं फाटली की चित्र वरखाली उड्या मारायचं, तोही नव्हे. मी बोलतोय ते असं: चित्र चालू आहे, स्वच्छ आहे, पण कॅमेरा डावीकडून उजवीकडे वळला, किंवा कोणी पडद्यावरून चालत गेलं, की ती हालचाल सरकत नाही, ठेचकाळते.

हा गचका दोन ठिकाणी जन्माला येतो. एक तर चित्रीकरणातच, म्हणजे सेकंदाला मोजकीच चित्रं घेतली म्हणून. नाहीतर नंतर वाटेत, एका घड्याळावर घेतलेली चित्रं दुसऱ्या घड्याळाच्या पडद्यावर दाखवताना भागाकार जुळला नाही म्हणून. पहिला गचका हा सिनेमाच्या चालीचा भाग आहे. दुसरा ही निव्वळ चूक आहे. घरचा टीव्ही मात्र दोघांना एकच औषध पाजतो, आणि सगळा घोटाळा तिथे होतो.

डोळा पुढे, चित्र मागे

शाळेच्या पुस्तकात आपण दृष्टिसातत्य शिकलो. डोळ्यावरची प्रतिमा सेकंदाचा सोळावा भाग टिकते, म्हणून सिनेमा हलताना दिसतो. हे उत्तर लिहिलं की मार्क मिळतात, पण ते अर्धंच आहे. प्रतिमा नुसत्या टिकत राहिल्या असत्या तर एकावर एक साचून चिखल झाला असता. त्यातून हालचाल कशी दिसेल? दोन वेगवेगळ्या जागी, थोड्या अंतरानं दिसलेल्या गोष्टींमधून मेंदू हालचाल स्वतः रचतो. मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये याच आभासी हालचालीवर निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येण्याच्या आदल्या वर्षी.

आता एक गंमत करू. समोरच्या भिंतीकडे बघा आणि नजर डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश, सलग न्यायचा प्रयत्न करा. जमत नाही. नजर टप्प्याटप्प्यानं उड्या मारते. आता अंगठा समोर धरा, हळूहळू सरकवा आणि त्याच्याकडे बघत राहा. जमलं ना? हलणारी वस्तू मिळाली की डोळा तिच्या मागोमाग तेलासारखा सलग फिरतो. वस्तू नसेल तर फिरत नाही.

सिनेमात काय होतं? कॅमेरा डोंगररांगेवरून वळतो. मेंदूला वाटतं, हलणारी वस्तू मिळाली. डोळा मागोमाग निघतो, सलग. पण पडद्यावर चित्र सलग चाललेलंच नाही. ते एका जागी थांबलंय, मग पुढे उडी, परत थांबलंय. डोळा पुढे जात असतो आणि चित्र उभं असतं, त्यामुळे डोळ्याच्या आत त्याची कड फरफटते. फिल्मच्या प्रोजेक्टरवर आणखी एक भानगड. चोवीस वेळा उजेड-अंधार झाला तर डोळ्यांना लुकलुक सहन होत नाही, म्हणून शटरची पाती प्रत्येक चित्र दोनदा दाखवतात, म्हणजे सेकंदाला ४८ वेळा. लुकलुक गेली. पण एकच चित्र दोनदा दिसताना मधल्या वेळात डोळा थोडा सरकलेला असतो, त्यामुळे कडा दुहेरी दिसतात.

किती मोठी उडी असते? ५५ इंची टीव्हीचा पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद असतो. एखादी वस्तू हा पडदा दोन सेकंदांत पार करत असेल, तर त्यात ४८ चित्रं येतात. प्रत्येक चित्रागणिक अडीच सेंटिमीटरची उडी! तीच वस्तू सात सेकंदांत पार झाली तर १६८ चित्रं, उडी फक्त सात मिलिमीटर. छायाचित्रणकारांमध्ये एक जुना ठोकताळा आहे, की पॅन करताना वस्तूला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद तरी द्यावेत. तो कुठून आला हे आता लक्षात आलं असेल.

चोवीस हा आकडा कानानं ठरवला

सेकंदाला चोवीसच चित्रं का? डोळ्यांचा अभ्यास करून कोणी ठरवलं का? नाही. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवायचा. एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, झाली सोळा. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यम्सन कॅमेरा आणला, तोही हँडलचाच. हाताचा वेग कमीजास्त व्हायचा, आणि दाखवणारा माणूस आपल्या मर्जीनं आणखी जोरात फिरवायचा. फारसं बिघडत नसे.

मग आवाज आला. आवाजाचा वेग जरा हलला की सूर हलतो. चित्रातली पाच टक्क्यांची चूक डोळा माफ करतो, कान करत नाही. अमेरिकेत १९२६-२७ च्या सुमारास बोलपटाची यंत्रणा बसवताना फिल्मचा वेग मिनिटाला ९० फूट असा बांधला गेला. एका फुटात १६ चित्रं. ९० गुणिले १६ भागिले ६०, उत्तर २४. बोलपट आपल्याकडेही आला, १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, तेव्हा चोवीस हा जगाचा आकडा होऊन बसला होता. त्याहून जास्त ठेवला तर कच्ची फिल्म जास्त लागते, आणि फिल्म महाग. एवढं साधं कारण.

म्हणजे हालचालीसाठी चोवीस कमीच आहेत, हे पहिल्यापासून माहीत होतं. सिनेमाची भाषा या कमतरतेशी जुळवून घेत घडली. कॅमेरा वळवायचा तर सावकाश, नाहीतर इतका झटकन की काही दिसूच नये. कोणाच्या तरी मागे जायचं म्हणजे प्रेक्षकाची नजर त्या माणसावर खिळते, आणि तो पडद्याच्या मधोमधच राहतो. मागचा देखावा धावतो, पण तो धूसर ठेवलेला असतो. हे कौशल्य चांगल्या छायाचित्रणात आपल्याला कळतही नाही.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे शटर. रूढ पद्धत अशी, की प्रत्येक चित्राला मिळालेल्या वेळाच्या निम्मा वेळ फिल्मवर प्रकाश पडू द्यायचा, म्हणजे सेकंदाचा ४८ वा भाग. तेवढ्यात हात हलला तर चित्रात तो किंचित पुसट येतो. ही पुसटपणाची कड म्हणजे दोन चित्रांमधला डिंक आहे. ती काढून घेतली तर प्रत्येक चित्र सुरीसारखं स्वच्छ येतं आणि हालचाल तुटते. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' या १९९८ च्या चित्रपटात युद्धाच्या प्रसंगात शटरचा वेळ मुद्दाम खूप कमी ठेवला आहे. उडणारी माती, धावणारे सैनिक, सगळं झटक्याझटक्यानं अंगावर येतं. तिथे तेच हवं होतं.

पण आपल्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओत ते नको असतं. भर उन्हात वरात, कॅमेरा ऑटोवर. उजेड जास्त म्हणून कॅमेरा आपोआप शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर नेतो. ड्रोनचंही तेच. मग नाचणारी माणसं कठपुतळीसारखी दिसतात, आणि घरचे म्हणतात, टीव्ही खराब आहे. टीव्हीचा काही दोष नाही. लेन्सपुढे काळसर काच लावून उजेड कमी केला असता, एनडी फिल्टर म्हणतात त्याला, तर शटर हळू ठेवता आलं असतं. ही काच न लावणं हा मला आळस वाटतो. तुमच्या व्हिडिओवाल्याला आधीच विचारा. (हशा)

जाता जाता एक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. म्हणून इथे चोवीसवर चित्रीकरण करताना शटर ४८ व्या भागाऐवजी ५० व्या भागावर ठेवतात. शटरच्या कोनात सांगायचं तर १८० ऐवजी १७२.८ अंश. नाहीतर दिव्यांची लुकलुक चित्रात येते. तो गचका नव्हे, पण दोन घड्याळं जुळत नसली की काय होतं त्याचाच हा भाऊबंद.

पाच पानं, बारा लाडू

आता दुसरा गचका. हा निव्वळ हिशोबाचा आहे.

पुष्कळ फोन आणि लॅपटॉप यांचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतो. सिनेमा चोवीसचा. ६० भागिले २४, उत्तर अडीच. अर्ध्या वेळा चित्र दाखवता येत नाही. मग पहिलं चित्र दोनदा, दुसरं तीनदा, तिसरं दोनदा, चौथं तीनदा. एक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, पुढचं ५०. अमेरिकेत टीव्ही साठचा, तिथे ही तीन-दोनची युक्ती टीव्हीवर सिनेमा दाखवायला लागल्यापासून चालत आली आहे. तिथल्या प्रेक्षकाच्या डोळ्याला ती सवयीची झाली.

आपला मामला वेगळा. आपली वीज ५० ची, म्हणून टीव्ही ५० चा, म्हणून टीव्हीसाठी चित्रीकरण २५ चं. पन्नासच्या देशांत टीव्हीवर सिनेमा दाखवायला सोपा मार्ग होता: चोवीसचा सिनेमा सरळ पंचवीसनं पळवायचा. प्रत्येक चित्र बरोबर दोनदा, गचका शून्य. किंमत एवढीच, की तीन तासांचा सिनेमा सात मिनिटं आधी संपतो, आणि आवाज चढतो. किती? सा आणि कोमल रे यांच्यात जेवढं अंतर आहे त्याच्या साधारण सत्तर टक्के. टीव्हीवर लागलेल्या जुन्या गाण्याबरोबर पेटीवर सूर धरायला बसलेल्या माणसाला पट्टी सापडत नसेल, तर त्याचं एक कारण हे असू शकतं.

पण आता आपण टीव्हीसाठी केलेल्या पंचवीसच्या मालिका साठच्या फोनवर बघतो. ६० भागिले २५, उत्तर २.४. पंगतीत पाच पानं मांडली आहेत आणि लाडू बारा. सगळ्यांना दोन-दोन वाढले, दोन उरले. म्हणून दोघांना तीन-तीन. दोन, दोन, तीन, दोन, तीन. सेकंदात हा फेरा पाच वेळा. ताल संथ असला तरी चालतो, लंगडा चालत नाही. डोळ्याचंही तसंच. सेकंदाला पंचवीस चित्रं सारख्या अंतरानं आली तर मेंदू ती जुळवून घेतो. एक लवकर, एक उशिरा असं झालं की सावकाश पॅनसुद्धा ठेचकाळतो.

क्रिकेटमध्ये हे फार चटकन दिसतं. प्रक्षेपण ५० चं. फोन ६० चा. पाच पानं, सहा लाडू. दर पाचवं चित्र दोनदा दिसतं, म्हणजे सेकंदाला दहा ठेचा. कॅमेरा चौकाराच्या मागे धावतो तेव्हा सीमारेषेवरच्या जाहिराती बघा. चेंडू नव्हे, जाहिराती. आणि तेच प्रक्षेपण ५० वर चालणाऱ्या टीव्हीवर बघा. फरक सांगावा लागणार नाही.

याहून बारीक एक चोर आहे. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं प्रमाण ठरवताना साठचा आकडा तांत्रिक अडचणीमुळे ५९.९४ करावा लागला. त्याच्या ओढीनं तिथल्या चोवीसच्या चित्रपटांच्या व्हिडिओ प्रती २३.९७६ च्या झाल्या. अशी प्रत बरोबर २४ वर चालणाऱ्या पडद्यावर लावली, तर दर ४२ सेकंदांनी एक चित्र कमी पडतं. मग एक चित्र दोनदा दाखवावं लागतं. सगळं सुरळीत चाललेलं, आणि पाऊण मिनिटानं एक टिचकी. ज्याला दिसत नाही तो सुखी. एकदा दिसली की माणूस सिनेमा सोडून टिचकीचीच वाट बघत बसतो.

कॅसेटमधली अर्धी हालचाल

आता आपल्या गृहस्थांकडे येऊ.

व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित केलेल्या कॅसेटमध्ये सेकंदाला २५ पूर्ण चित्रं असतात असं आपण म्हणतो. पण ती एका क्षणाची नसतात. आधी एका आड एक अशा निम्म्या ओळी टिपल्या जातात, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या निम्म्या. म्हणजे प्रत्यक्षात हालचालीचे ५० क्षण नोंदले गेलेले असतात, प्रत्येक निम्म्या बारकाईनं. जुना काचेच्या नळीचा टीव्ही हे पन्नास क्षण तसेच, एकामागून एक दाखवायचा. शिवाय त्याचा प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा, आजच्या पडद्यासारखा पुढचं चित्र येईपर्यंत धरून ठेवला जात नसे. त्यामुळे डोळ्यात फरफट कमी. औक्षणाचा हात मऊ फिरायचा तो यामुळे.

डिजिटल करताना या निम्म्या-निम्म्या ओळींचं काय करायचं हे ठरवावं लागतं. दोन्ही एकत्र चिकटवल्या तर हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. दुकानदाराला ते खराब वाटतं, म्हणून तो एक अर्ध फेकून देतो आणि उरलेल्याचं पूर्ण चित्र करतो. दात गेले. पण ५० पैकी २५ क्षणही गेले. कधी तर सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेला ३० चा पर्याय तसाच राहतो. मग २५ चे ३० करताना दर पाचवं चित्र दुबार होतं आणि वर सेकंदाला पाच ठेचा बसतात. आमच्या पेन ड्राइव्हमध्ये दोन्ही झालं होतं. आणि निम्म्या ओळींचा क्रमच उलटा लागला, तर हात पुढे, मागे, पुढे असा थरथरतो. ते सगळ्यात वाईट, पण ते निदान कोणाच्याही लक्षात येतं.

करायला काय हवं? प्रत्येक निम्म्या चित्राचं एकेक पूर्ण चित्र करायचं आणि फाइल सेकंदाला ५० ची ठेवायची. दुकानात एवढंच सांगा: "पन्नासची फाइल द्या, तीसची नको, आणि कॅसेट परत द्या." फिल्मवरून कॅसेटवर उतरवलेला सिनेमा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दोन्ही अर्ध एकाच चित्राचे असतात, २५ ची फाइल पुरते.

इथे ध्यानात घ्या, फाइलमध्ये टाकून दिलेला क्षण परत येत नाही. पडद्याच्या हिशोबाचा गचका उद्या दुसरा पडदा घेतला की जाईल. फाइलमध्ये मुरलेला जाणार नाही. म्हणून मूळ कॅसेट म्हणजे कचरा नव्हे.

आमच्या गृहस्थांची कॅसेट दुकानातल्या खोक्यात सापडली. सुरुवातीच्या भागाला बुरशी धरली होती, तो वाचला नाही. सीमांतपूजन गेलं. औक्षण मिळालं.

औषध आणि त्याचा त्रास

नवा मोठा टीव्ही घरी आला की गचका वाढल्यासारखा वाटतो, आणि तो भास नसतो. चित्र जितकं उजळ तितका गचका जास्त दिसतो. थिएटरच्या पडद्याचा पांढरा साधारण ४८ निटचा असतो, आजचे टीव्ही शेकडो निट देतात. ओएलईडी पडदा तर चित्र क्षणार्धात बदलतो. जुन्या एलसीडीचा ठिपका आळशी होता, दोन चित्रांची सरमिसळ करायचा, आणि त्याच्या आळसात उड्या झाकल्या जायच्या. तंत्र सुधारलं म्हणून दोष उघडा पडला.

मग कंपन्यांनी औषध दिलं. ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस, नावं वेगवेगळी. टीव्ही दोन चित्रं बघून मधली चित्रं स्वतः तयार करतो. हालचाल लोण्यासारखी होते, पण सिनेमा स्टुडिओत व्हिडिओवर घेतलेल्या मालिकेसारखा दिसायला लागतो, कारण तशा मालिकांत पन्नास-साठ क्षणांची हालचाल असायची आणि आपला डोळा ती ओळखतो. शिवाय अंदाज चुकला की बोटांभोवती, केसांभोवती चित्र वितळतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वरी यांनी व्हिडिओ काढून लोकांना ही सोय बंद करायला सांगितलं. पुढच्या वर्षी अनेक टीव्ही कंपन्यांसाठी 'फिल्ममेकर मोड' आला, त्यात ही सोय बंदच असते.

माझं मत थोडं वेगळं आहे. ही सोय हे पाप नाही, पण तिला चुकीच्या रोगावर देतात. हिशोबाचा गचका असेल तर नवी चित्रं बनवण्याची गरजच नाही, हिशोब जुळवा. स्ट्रीमिंगच्या पेटीच्या सेटिंगमध्ये 'मॅच फ्रेम रेट' किंवा तशा नावाचा पर्याय अनेकदा मुळात बंद असतो, तो चालू करा. पेटी मग चोवीसचं चोवीसनं, पंचवीसचं पन्नासनं पाठवते. आणि चित्रीकरणातला गचका असेल, तर तो दिग्दर्शकानं पाहून, मान्य करून ठेवलेला आहे. तरी डोळे दुखत असतील तर टीव्हीत 'जडर' आणि 'ब्लर' अशा दोन वेगळ्या पट्ट्या असतात, त्यातली जडरची एक-दोन घर सरकवा, दहावर नेऊ नका.

कुठला गचका आहे हे ओळखायचं कसं? शेवटची श्रेयनामावली खालून वर सरकते, ती बघा. तिचा वेग एकसारखा असतो. ओळी समान ठेक्यात सरकत असतील तर हिशोब ठीक आहे. ठेका लंगडत असेल तर हिशोब बिघडलाय. आणि एखाद्या जागी एकदम झटका बसला, तर दहा सेकंद मागे जाऊन पुन्हा बघा. त्याच जागी बसला तर तो फाइलमध्ये आहे. दुसरीकडेच बसला तर पेटी किंवा फोन दमलाय, त्याला वेळेवर चित्र उलगडता येत नाहीये.

प्रश्नोत्तरं

*१२० हर्ट्झचा टीव्ही घेतला तर सगळे प्रश्न सुटतील का?*

बरेच. चोवीस पंचे एकशेवीस, तीस चोक एकशेवीस, साठ दुणे एकशेवीस. पण पंचवीस बसत नाही, ४.८ येतात. आपल्याकडच्या टीव्हीला ५० चा संकेत मिळाला की तो सहसा स्वतः शंभरवर जातो, मग ठीक. पेटीनं मात्र ५० पाठवायला हवं, साठ नव्हे. चोवीस, पंचवीस, तीस या तिघांनाही भाग जाणारा सगळ्यात लहान आकडा ६०० आहे, त्यावरून कल्पना येईल. आता काही पडदे चित्र येईल तसा आपला वेग बदलतात, तो खरा उपाय आहे.

*माझी मुलगी अमेरिकेत आहे. ती मराठी मालिका बघते, ती म्हणते आपल्याकडचं चित्रीकरणच झटके देतं. हॉलिवूडचं बघताना असं होत नाही.*

तिला सांगा, चित्रीकरणाची चूक नाही. मालिका २५ ची, तिचा टीव्ही साठचा, पाच पानं बारा लाडू. अमेरिकेत विकलेले बरेच टीव्ही ५० चा संकेत घेतच नाहीत. हॉलिवूडचं चोवीसचं असतं, ते ओळखून सरळ करायची सोय त्या टीव्हीत असते. पूर्वी इकडून कॅसेट पाठवायची तर आधी तिकडच्या पद्धतीत बदलून घ्यावी लागायची, ही तीच अडचण आहे. लॅपटॉपच्या पडद्याचा वेग ५० वर ठेवता येत असेल तर त्यावर बघायला सांगा.

*४८ चित्रांचे सिनेमे निघाले होते. ते का टिकले नाहीत?*

'द हॉबिट' २०१२ मध्ये ४८ वर आला, 'जेमिनी मॅन' २०१९ मध्ये १२० वर. गचका गेला, पण पुष्कळांना सेट आणि मेकअप दिसायला लागला, गोष्ट दिसेना. २०२२ च्या 'अवतार'नं काही प्रसंग ४८ वर आणि बाकीचे चोवीसवर, प्रत्येक चित्र दोनदा दाखवून, असा मेळ घातला. मला तो प्रयोग आवडला, पण चोवीसवरून ४८ वर जाताना मी प्रत्येक वेळी दचकलो.

*मूकपटातली माणसं तुरुतुरु चालतात, फाळक्यांच्या जुन्या तुकड्यांतसुद्धा. ती खरंच तशी चालायची का?*

(हशा) नाही हो. सोळाच्या आसपास घेतलेलं चोवीसवर लावलं की दीडपट वेगानं पळतं. आपण हसतो, पण ते हसू आपल्या यंत्राचं आहे. वेग बरोबर ठेवायचा तर काही जण दर दोन चित्रांमागे एक चित्र दुबार करून सोळाचे चोवीस करतात. वेग बसतो, पण ताल लंगडा होतो. नीट उपाय म्हणजे सोळाचं प्रत्येक चित्र तीनदा दाखवायचं. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. ना घाई, ना गचका. मूकपटाच्या प्रोजेक्टरचं शटर पुष्कळदा तीन पात्यांचं असायचं, ते याच हिशोबानं.